केलेले जाणावे, राहिलेले मागावे

"डॉक्टर, सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट चांगले आले, पण बरे काही वाटत नाही." ही तक्रार माझ्याकडे दर आठवड्याला दोघे-तिघे तरी घेऊन येतात. त्यांत बदली होऊन या भागात आलेले शिक्षक असतात, बँकेतले कर्मचारी असतात आणि नदीकाठच्या गावांतून लग्न होऊन आलेल्या सुनाही असतात. कोणाला रात्रीची झोप नसते, कोणाच्या छातीत जळजळते, कोणाचे डोके दुपारपासून जड होते. चार गोष्टी विचारल्या की एकच वाक्य निघते, "इथे काहीच नाही हो!" हे वाक्य दिवसातून किती वेळा मनात येते, असे मी विचारते तेव्हा बरेच जण हसतात आणि मग गप्प होतात.

हे वाक्य मलाही पाठ होते. माझा जन्म साताऱ्याचा, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा. कासच्या तलावाचे पाणी पिऊन मी वाढले. यजमानांची बदली झाली आणि आम्ही सांगली जिल्ह्यात आटपाडीला आलो. अंतर म्हटले तर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे, पण एसटीच्या खिडकीतून पाहिले तर दुसऱ्याच देशात चाललो असे वाटते. पुसेगाव मागे पडले की हिरवा रंग विटू लागतो. दहिवडी, म्हसवड, दिघंची करीत पुढे जावे तशी माळरानावर बाभूळ आणि बोर तेवढी उरते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आटपाडीची गत तीच. सह्याद्रीने ढग अडवले की पलीकडे जे उरते त्यावर हा माणदेश जगतो. हे राजस्थानचे वाळवंट नव्हे हे खरे, पण एप्रिलमधल्या दुपारी नवख्या माणसाला तो फरक फारसा कळत नाही.

पहिले वर्ष जड गेले. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, पिंपे भरून ठेवावी लागत. अशा वेळी माणूस काय करतो? नसलेल्या गोष्टींची यादी करतो. पाऊस नाही, बाग नाही, ओळखीचे कोणी नाही. ही यादी झोपताना चांगली आठवते आणि झोप उडवते. मन सतत तक्रारीत असले की शरीरही सावध अवस्थेत राहते, स्नायू ताठ राहतात, पोट बिघडते. रिपोर्ट चांगले येऊनही बरे न वाटण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

माणदेशी माणसांकडे पाहताना मला दुसरी एक सवय दिसली. दवाखान्यात एका आजीबाईंना गोळी घ्यायला पाणी दिले. त्यांनी अर्धा पेला पाणी पिऊन उरलेले हातात धरून ठेवले. मी म्हटले, "आजी, ओतून टाका ते." त्या म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, ऱ्हाऊ द्या. पाणी टाकू नगा. कुणीतरी आणलंय न्हवं ते?" बाहेर जाऊन त्यांनी ते दारातल्या तुळशीला घातले. पाणी मोलाचे आहे हे त्यांना ठाऊक होतेच. त्यांना आठवण होती ती ते आणणाऱ्या माणसाची.

'कृतज्ञ' या शब्दाचा अर्थ नेमका हाच आहे. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे हा आधी जाणण्याचा भाग आहे, गहिवरण्याचा नंतर. मी या दिशेने पाहू लागले तेव्हा 'काहीच नाही'च्या यादीशेजारी दुसरी यादी तयार झाली. पहाटे उठून पाणी सोडणारा कर्मचारी, पाणी आल्याचे दार वाजवून सांगणारी शेजारीण, पहिल्या सर्दीत हुलग्याचे माडगे आणून देणाऱ्या समोरच्या काकू, उन्हातान्हात रस्त्यावरची खडी चुकवत वेळेवर एसटी आणणारा चालक. पाऊस वाढला नाही, पण माझी झोप सुधारली.

हा केवळ माझा अनुभव म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने दर आठवड्याला ज्यांबद्दल आभारी आहोत अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. १० आठवड्यांनी पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटत होते आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. स्नायूंच्या जुनाट विकाराने त्रस्त असलेल्या लोकांवर २१ दिवसांचा वेगळा प्रयोग झाला. त्यात आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांची झोप सुधारल्याचे आढळले. पुढे २००५ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली, हेही लिहायचे होते. त्याचा फायदा सहा महिन्यांपर्यंत दिसला. हे 'का घडली' फार महत्त्वाचे आहे असे मला वाटते. आमच्या आजीबाईंचे 'कुणीतरी आणलंय' ते हेच.

मात्र हे औषध आहे म्हणून त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा बेताचाच आढळला आहे. वहीत आभार लिहिल्याने रक्तदाब किंवा साखरेची गोळी बंद करता येत नाही. खऱ्या नैराश्यावर तर तो उपचार मुळीच नव्हे.

आता माझ्या मनातला मुख्य मुद्दा सांगते. हल्ली मोबाइलवर रोज सकाळी सुविचार येतात की आहे त्यात आनंद माना, तक्रार करू नका. हा उपदेश कोणी कोणाला करायचा याचा विचार व्हायला हवा. पाठ आणि मान धरली म्हणून एक बाई येते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो वजन, भांड्याचे वेगळे. तो डोक्यावर घेऊन दिवसातून चार-पाच खेपा, वर्षानुवर्षे. पाणी पुरवायचे म्हणून ती स्वतः कमी पिते, त्यातून लघवीची जळजळ आणि मूतखडा. तिला मी 'समाधान मान' असे सांगितले तर तो डॉक्टरकीशी द्रोह होईल. तिला मलम, व्यायाम आणि पुरेसे पाणी पिण्याचा सल्ला तर हवाच, पण तिचे खरे औषध म्हणजे दाराशी येणारा नळ.

समाधान आणि कृतज्ञता या दोन गोष्टींत आपण घोटाळा करतो. समाधान म्हणते, आता पुरे. कृतज्ञता म्हणते, इथवर कोणी आणले ते विसरू नका. जो हे विसरत नाही, त्याला पुढचे मागायचे कसे हेही कळते. याचा दाखला आटपाडीतच आहे. १९९३ साली क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने इथे दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. डॉ. भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते आणि कृष्णेच्या पाण्यात दुष्काळी भागाला समान वाटा हवा ही मागणी होती. वर्षानुवर्षे लोक बैलगाड्यांतून, ट्रकमधून, पायी येत राहिले. आज कऱ्हाडजवळच्या टेंभू येथे कृष्णेचे पाणी उपसून ते टप्प्याटप्प्याने वर चढवले जाते आणि सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांच्या कोरड्या भागांत पोचते. आटपाडीचे डाळिंब बाजारात दिसते त्यामागे ही चढण आहे. ते लोक नुसते समाधानी राहिले असते तर हे पाणी कऱ्हाडच्या खालीच वाहून गेले असते. आणि अजूनही ज्या वस्तीपर्यंत ते पोचलेले नाही, तिथल्या लोकांना मागण्याचा तितकाच हक्क आहे.

पाण्याची दुसरी बाजूही या जिल्ह्याने पाहिली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. चोहीकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही, अशी वेळ नदीकाठच्या माणसांवर आली. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी घरोघरी भाकरी थापल्या आणि चटणीसह गाठोडी बांधून पाठवली. सांगलीला परतलेल्या एका रुग्णाने पुढे मला सांगितले, "डॉक्टर, पुराचे पाणी ओसरले, घर धुऊन झाले, पण त्या भाकरीची आठवण येते तेव्हा बरे वाटते." त्याचे नुकसान त्या भाकरीने भरून निघाले नव्हते. आपल्याला कोणी विसरले नाही, एवढे मात्र त्याला कळले होते, आणि संकटातून उठणाऱ्या माणसाला ही जाणीव मोठा आधार देते.

ज्यांना नव्या गावात करमत नाही किंवा जुन्याच गावात जीव विटला आहे, अशा वाचकांसाठी काही साध्या गोष्टी सुचवते.

१. रात्री झोपण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहा आणि त्या कोणामुळे घडल्या ते पुढे लिहा. 'देवाच्या कृपेने' असे लिहायला हरकत नाही, पण त्याखाली माणसाचेही नाव असू द्या. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा चालेल. तेच ते लिहून कंटाळा येऊ देऊ नका.

२. लिहिता येत नसेल तर जेवताना घरात प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगावी. मुलांना हा खेळ आवडतो.

३. ज्याचे नाव वहीत आले त्याला आठवड्यातून एकदा तोंडाने सांगा. पाणी सोडणाऱ्याला, टपाल आणणाऱ्याला, कचरा उचलणाऱ्या बाईंना. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानायची पद्धत नाही, 'धन्यवाद' म्हटले तर परके वाटते. मग "आज तुझ्यामुळे माझे काम हलके झाले" एवढे म्हणा.

४. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर अर्धा तास पायी फिरा आणि वाटेतल्या दोन माणसांशी बोला. नव्या गावात ओळख चालण्याने होते, खिडकीतून होत नाही.

५. वहीच्या शेवटच्या पानावर 'राहिलेले' असा मथळा घाला. गळकी जलवाहिनी, बंद पडलेली कूपनलिका, दवाखान्यात नसलेले औषध, जे काही असेल ते लिहा. मग ग्रामसभेत, नगरपंचायतीत किंवा संबंधित कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. मनात घोळत राहिलेली तक्रार प्रकृती बिघडवते. कागदावर येऊन योग्य टेबलावर पोचली तर तिचे निदान काम तरी होते.

आणखी एक सूचना. सलग दोन आठवडे मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, झोप-भूक उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तो आजार आहे, कृतघ्नपणा नव्हे. अशा माणसाला घरच्यांनी "तुला काय कमी आहे?" असे विचारू नये. त्या प्रश्नाने तो अधिकच खचतो. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते.

वही आजच आणा. चाळीस पानी पुरते. पहिल्या पानावर आज सकाळपासून आपल्यासाठी कोणी काय केले ते लिहा आणि शेवटच्या पानावर अजून काय व्हायला हवे ते. दोन्ही पाने भरत राहिली पाहिजेत.