सांबरशिंगाची मूठ नको, सर!

जबलपूरला पोस्टिंगवर आल्यापासून माझ्या टेबलाच्या खणात एक बिनमुठीची सुरी पडून होती. सहा इंची पातं, गंजाने तपकिरी झालेलं. आजोबांची शिकारीची सुरी. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन आजऱ्याजवळच्या आमच्या गावी परतले, तेव्हा ती त्यांच्या ट्रंकेत होती. मूठ सांबरशिंगाची होती म्हणे. मी ती कधी पाहिली नाही. मला आठवते ती आजीच्या हातातली सुरी: मुठीच्या जागी चिंध्या गुंडाळलेली आणि फणसाच्या चिकाने माखलेली.

गेल्या महिन्यात ती दुरुस्तीला काढली आणि कोर्समेट्सच्या ग्रुपवर फोटो टाकला. तासाभरात निकाल लागला: “शिंगच लाव. ओरिजिनल तेच.” एका निवृत्त सरांनी तर तुकडा मिळवून देण्याची तयारी दाखवली.

मी शिसवी मूठ बसवली. काहींना ते रुचलं नाही. म्हणून हे जाहीर उत्तर.

पहिला युक्तिवाद परंपरेचा. फौजी आणि शिकार हे नातं जुनं आहे, मान्य. इथून हाकेच्या अंतरावरच्या सातपुड्यावर कॅप्टन फोर्सिथने लिहिलेलं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ 1871 साली छापलं गेलं. त्यात जंगलावरचं प्रेम आणि बंदुकीचा बार शेजारी शेजारी नांदतात. पण त्या परंपरेचा हिशोबही वाचावा. 1970 च्या सुमारास शेजारच्या मंडला-बालाघाटमधल्या कान्हात बारशिंगे जेमतेम 66 उरले होते. शेती, चराई, शिकार, सगळ्यांनी मिळून ही वेळ आणली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा कुणाची हौस मोडायला आला नाही. आपण सगळ्यांनी जी वेळ आणली, तिला तो उत्तर होता.

दुसरा युक्तिवाद जास्त हुशार: “सांबर दरवर्षी शिंगं गाळतं. पडलेलं उचललं तर कुणाचा जीव जातो?” कायद्याच्या लेखी शिंग ही ट्रॉफीच. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. जंगलात पडलेलं शिंग वाया जात नाही. साळिंदरं ते कुरतडतात, त्यातून त्यांना कॅल्शियम मिळतं. आणि शिंगाच्या दोन पट्ट्या कापून घासल्या की ते गळालेलं होतं की मारलेल्या जनावराचं, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? मागणी उभी राहिली की माल पुरवणारा उभा राहतोच. त्याच्या हातात फास असेल की टोपली, हे आपण जबलपुरात बसून ठरवू शकत नाही. आणि कायदा राखण्याची शपथ घेतलेल्या वर्दीतल्या माणसाने ‘तुकडा मिळवून देतो’ म्हणणं मला तरी शोभत नाही.

शिंगाची पकड उत्तम असते, हे मात्र खरं. पण मूठ हाताने बनवली की लाकडालाही तशी पकड देता येते. मोडक्या पलंगाचा शिसवी पाय भंगारात मिळाला. पातं रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं आणि गंज बारीक पॉलिश पेपरने हातानेच काढला. ग्राइंडरला हात लावला नाही. पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं. खड्ड्यांचे काळे डाग राहू दिले. पहिली पट्टी मी पितळी पिन ठोकताना चिरली. आमच्या आर्मरर हवालदारांनी ती उचलून पाहिली आणि म्हणाले, “साहेब, भोक जरा सैल ठेवा. लाकूड पावसाळ्यात फुगतं.” दुसरी पट्टी टिकली. अ‍ॅराल्डाइट, तीन पिना, रात्रभर शिकंज्यात. मग आपल्या मुठीत बसेपर्यंत कानस आणि जवसाच्या तेलाचे तीन हात.

आता ‘ओरिजिनल’बद्दल. या सुरीने शिकार किती वर्षं केली, ठाऊक नाही. आजोबांनी त्याचे किस्से कधी सांगितले नाहीत. फणस मात्र तिने वीस-पंचवीस वर्षं कापले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शिंग तडकल्यावर आजीने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि काम चालू ठेवलं. तेव्हा या सुरीची ‘ओरिजिनल’ मूठ कोणती, सर? शोकेसमध्ये मिरवावी ती, की जिच्यामुळे घर जेवलं ती?

कुणाच्या घरी आजोबांच्या काळातली, रीतसर जाहीर करून प्रमाणपत्र घेतलेली ट्रॉफी असेल, तर ती जपा, इतिहास आहे. नवी मागणी मात्र नको. लाकूड घ्या, पितळ घ्या, स्वतःचे दोन रविवार घाला. पूर्वजांचा मान राखायला एवढं पुरतं.

मे महिन्यात सुट्टीवर गावी जातोय. सुरी सोबत नेणार आहे. परड्यातला फणस तोवर तयार होईल.