खावटीच्या यादीत कोण आणि बाहेर कोण?



सरकारनं खावटी मंजूर केली. ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळात ठरलं आणि ९ सप्टेंबर २०२० ला आदेश निघाला. एका कुटुंबाला ४ हजार रुपये. त्यातले २ हजार खात्यात आणि २ हजारांचा माल. मालात मटकी, चवळी, वाटाणा, तूरडाळ, साखर, तेल, मीठ, मिरची, चहा. राज्यात ११ लाख ५५ हजार आदिवासी कुटुंबं आणि खर्च ४८६ कोटी. कागदावर सगळं छान आहे. २०२० ची दिवाळी तोंडावर आली, भात कापायला लागलो, तरी आपल्या पाड्यांवर ना रुपया पोचला होता ना डाळीचा दाणा.

खावटी म्हणजे काय ते पाड्यावरच्या म्हाताऱ्याला विचारा. पावसाळ्यात घरातली कणगी रिकामी होते. लावणी झालेली असते, पण नवं पीक यायला दोन-तीन महिने असतात. त्या दिवसांत खायला लागतं ते म्हणजे खावटी. आधी ती सावकार द्यायचा. एक मण देऊन दीड-दोन मण घ्यायचा, नाहीतर जमीन घ्यायचा, नाहीतर माणूसच राबायला घ्यायचा. आपल्या कितीतरी जमिनी खावटीच्या पायलीत गेल्या. म्हणून सरकारनं १९७८ पासून खावटी कर्ज द्यायला सुरुवात केली. मधल्या काळात ते बंद पडलं. या कोरोनात आपण ओरडलो, ठिकठिकाणच्या संघटनांनी निवेदनं दिली, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. या वेळी कर्ज नाही, सगळं अनुदान आहे. म्हणजे फेडायची नाही. कोणी सांगत असेल की अंगठा द्या, नंतर कापून घेऊ, तर ते खोटं आहे.

पण खावटी श्रावणात लागते. श्रावण गेला. भादवा गेला. ज्यांनी या पावसाळ्यात नाचणीची पेज पातळ करून दिवस काढले त्यांनी ती कोणाच्या भरवशावर काढली? शेजाऱ्याच्या, रानातल्या कंदाच्या आणि शेठच्या. शेठनं काय दिलं आणि बदल्यात काय लिहून घेतलं ते आता भट्टी सुरू झाल्यावर कळेल.

आता मुद्द्यावर येऊ. उशीर झाला हा राग आहेच. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे यादी. आता याद्या बनतील. यादीत ज्याचं नाव आलं त्याला मिळेल, ज्याचं राहिलं त्याचं राहिलं. म्हणून यादीत कोणाला घ्यायचं ठरलंय ते नीट समजून घ्या.

सरकारच्या हिशोबात पाच गट आहेत. पहिला, रोजगार हमीवर काम केलेले आदिवासी मजूर, ४ लाख कुटुंबं. दुसरा, आदिम जमाती, म्हणजे आपले कातकरी, तिकडचे कोलाम आणि माडिया, २ लाख २६ हजार. तिसरा, पारधी, ६४ हजार. चौथा, प्रकल्प अधिकारी ठरवतील ती गरजू कुटुंबं, ३ लाख. यात विधवा, टाकलेल्या बाया, भूमिहीन, अपंग, अनाथ पोरं सांभाळणारी घरं येतात. पाचवा, वैयक्तिक वनहक्क मिळालेली कुटुंबं, १ लाख ६५ हजार.

ऐकायला सगळे आले असं वाटतं. आता आपल्या पाड्यावर लावून बघा.

रोजगार हमीच्या गटात यायचं तर १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२० मध्ये निदान एक दिवस काम केलेलं पाहिजे. ज्यानं काम मागितलं आणि ज्याला दिलंच नाही त्याचं काय? जो दिवाळीला भट्टीवर गेला आणि लॉकडाऊनमध्ये पोरं खांद्यावर घेऊन चालत घरी आला, त्याच्या जॉबकार्डावर एक दिवस कुठून येणार? गावात काम नाही म्हणून माणूस बाहेर गेला. आता गावात काम केलं नाही म्हणून त्याला खावटी नाही. हा कुठला न्याय?

कातकरी सगळे आले म्हणतात. पण कातकरी आहे हे कागदावर दाखवायला सांगितलं तर किती घरांत जातीचा दाखला आहे? कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या जागेवर बसलेल्या आहेत. घर आपल्या नावावर नाही, म्हणून घराचा उतारा नाही, म्हणून रेशनकार्ड नाही. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, रायगडात घरांची कौलं आणि पत्रे उडाले, तेव्हाही हेच झालं. पंचनाम्याला माणूस येतो आणि पहिलं विचारतो, घर कोणाच्या नावावर?

आणि पाचवा गट, तो तर सरळ आपल्या लढ्याशी येऊन भिडतो. वनहक्क मिळालेली कुटुंबं. मिळालेली! आणि ज्यांचा दावा वर्षानुवर्षं फाईलमध्ये पडलाय ती? वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो जमीन कसतो त्याचा हक्क मान्य करायचा असं कायदा सांगतो. दळीवाले, एकसाली प्लॉटवाले, जंगलातली वरकस कसणारे, सगळ्यांनी दावे टाकले. कोणाचा मंजूर झाला तोही दोन एकर कसत असताना चार गुंठ्यांचा. कोणाचा पुरावा नाही म्हणून फेटाळला. कोणाला तर काय झालं ते सांगितलंच नाही. आता तोच माणूस खावटीला गेला की त्याला विचारणार, वनपट्टा आहे का? नाही? मग तू या गटात नाही.

म्हणजे बघा, ज्या कागदासाठी आपण लढतोय तोच कागद नाही म्हणून जमीन नाही, जमीन नाही म्हणून सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून पीक बुडालं तरी भरपाई नाही. ऑक्टोबरच्या पावसात कापलेलं भात खाचरात भिजलं, त्याचे पंचनामे कोणाचे झाले ते तुम्ही बघितलंय. आणि आता खावटी पण नाही. काही जण आम्हाला म्हणतात, संघटनेनं आता जमिनीचं बाजूला ठेवावं, आधी पोटाचं बघावं. आम्ही सांगतो, पोटाचं आणि जमिनीचं भांडण एकच आहे. दोन्हीकडे आपल्याला एकच कागद आडवा येतो.

यावर वाट काय? वाट चौथ्या गटात आहे. ती ३ लाख कुटुंबं अजून कोणाच्या वहीत पक्की लिहिलेली नाहीत. प्रकल्प अधिकाऱ्यांनी ती ठरवायची आहेत. ते गाडीतून येऊन प्रत्येक पाड्याची चूल बघणार नाहीत. मग नावं कोण देणार? सरपंचाचा माणूस, रेशन दुकानदार, नाहीतर ज्याची ओळख आहे तो. आपण गप्प बसलो तर तसंच होणार. आपण सभा घेऊन यादी दिली तर ती बाजूला सारायला त्यांना कारण लागेल.

आणि हा आपला हक्क आहे, विनवणी नाही. पेसा कायदा १९९६ चा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की गरिबी हटवायच्या योजनेचे लाभार्थी निवडायची जबाबदारी ग्रामसभेची. पालघर आणि शहापूरकडच्या पाड्यांना हा कायदा लागू आहे. रायगडच्या वाड्या पेसात येत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण वनहक्काची ग्रामसभा आणि वनहक्क समिती तिथेही आहे. तिच्या ठरावानं यादी द्या. कोरोना आहे म्हणून ग्रामसभा नाही, असं कोणी म्हणेल. मग बाजार कसा भरतो? भट्टीवर पन्नास माणसं एका झोपडीच्या रांगेत कशी राहतात? झाडाखाली, लांब लांब बसून, तोंडाला फडकं बांधून सभा घ्या.

हे सगळं लवकर करायचं आहे, कारण तीन गोष्टी एकाच महिन्यात येऊन पडतायत. एक, २०२० मध्ये एप्रिलपासून माणशी ५ किलो धान्य फुकट मिळत होतं ते नोव्हेंबरपर्यंतच होतं. पुढचं सरकार तेव्हा काही बोललं नव्हतं. दोन, भात झोडून झालं की मुकादम बयाणा घेऊन पाड्यावर येतो. तीन, खावटीचा अर्ज भरून घ्यायला माणूस येईल तेव्हा घराला कडी असेल. कुटुंब भट्टीवर गेलेलं असेल आणि यादीत त्याच्यापुढे ‘गैरहजर’ लिहिलं जाईल. ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच गैरहजर.

या वर्षी बयाणा घेताना जरा जास्त विचार करा. पावसाळ्यात शेठकडून घेतलेलं तांदूळ-मीठ त्यात मिळवलं जाणार. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे. उचल फिटली नाही म्हणून कोणाला डांबून ठेवता येत नाही, त्याच्या पोराला ठेवून घेता येत नाही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा कितीतरी भट्ट्यांवर हिशोब न करताच माणसं सोडली किंवा सोडलीच नाहीत. ज्यांचा हिशोब राहिलाय त्यांनी आधी तो मागावा, मगच नवी गोष्ट बोलावी. तारीख आणि रक्कम आपल्या पोरांकडून वहीत लिहून घ्यावी.

आता एक हिशोब आपणही करू. ४ हजार रुपये पावसाळ्याच्या चार महिन्यांवर पसरले तर घराला दिवसाला तेहतीस रुपये पडतात. पाच माणसांच्या घरात माणशी साडेसहा रुपये. यात एक वेळचं तेल-मीठ होईल. दुसरीकडे रोजगार हमीची मजुरी २०२० मध्ये २३८ रुपये होती. म्हणजे खावटीचे ४ हजार म्हणजे सतरा दिवसांची मजुरी. शंभर दिवस काम मिळालं तर २३ हजार ८०० रुपये. आणि ज्याला वनपट्टा मिळाला आहे आणि दुसरी जमीन नाही त्याला शंभरावर आणखी ५० दिवस. ते काम आपल्याच बांधावर, आपल्याच तळ्यावर, आपल्याच वनपट्ट्याच्या सपाटीकरणावर करता येतं. त्यासाठी पोरांची शाळा सोडून भट्टीवर जायला नको.

म्हणून खावटी घ्यायची, सोडायची नाही, पण खावटीवर थांबायचं नाही. खावटीबरोबर कामही मागायचं. तोंडी मागू नका. नमुना ४ भरून द्या आणि नमुना ५ ची तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही काम मागितलंच नाही असं धरतात. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकार भत्ता द्यावा लागतो. आणि लक्षात ठेवा, २०२० मध्ये ‘एक दिवस’ कामाची अट होती. पुढच्या वेळी पण असेल. आज मागितलेलं काम उद्याच्या यादीत दिसतं.

आमच्या मागण्या या आहेत:

१. खावटीची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचावी आणि पाड्यावर भिंतीला लावावी. नाव का वगळलं ते लेखी द्यावं.

२. ज्यांचा वनहक्क दावा प्रलंबित आहे किंवा फेटाळून अपिलात आहे त्यांना खावटीत घ्यावं.

३. जातीचा दाखला किंवा आधार नाही म्हणून आदिम जमातीच्या कोणाला परत पाठवू नये. ग्रामसभेची ओळख धरावी आणि दाखले पाड्यावर शिबिर लावून द्यावेत.

४. स्थलांतर केलेल्या कुटुंबांचा अर्ज भट्टीवर जाऊन भरून घ्यावा.

५. फुकट धान्य नोव्हेंबरनंतर चालू ठेवावं. कातकरी कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये सांगितल्याप्रमाणे अंत्योदयचं कार्ड द्यावं, म्हणजे ३५ किलो मिळेल.

६. पुढच्या वर्षीपासून खावटी मिरगाच्या आधी द्यावी.

सरकारचं काम सांगितलं. आता आपलं काम.

या आठवड्यात प्रत्येक पाड्यानं एक संध्याकाळ बसावं. शिकलेल्या एका पोरानं किंवा पोरीनं वही धरावी. घरामागून घर घ्यावं: घरात माणसं किती, कार्ड आहे का, खातं चालू आहे का, जॉबकार्ड आहे का, दावा टाकला का, त्याचं काय झालं, कोण बाहेर जाणार. सगळ्यात आधी एकट्या बायांची आणि म्हाताऱ्यांची नावं लिहा, कारण सभेत बोलायला तीच माणसं येत नाहीत. खातं बंद पडलंय का ते बघा. बायांच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून ५००-५०० रुपये येणार होते, ते आले का हे त्याच वेळी कळेल. यादीवर सह्या-अंगठे घ्या. तिच्या दोन प्रती काढा, एक प्रकल्प कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का मारून घरी आणा.

ज्यांचा दावा जिल्हा समितीनं फेटाळला त्यांच्यासाठी आणखी एक. १८ मे २०२० ला राज्यपालांनी अधिसूचना काढली आहे. पेसा भागात आता जिल्हा समितीच्या वर विभागीय समितीकडे अपील करता येतं. मुदत असते, ती घालवू नका. जुना कागद नाही म्हणून घाबरू नका. जंगलखात्यानं फाडलेली दंडाची पावतीही पुरावा आहे आणि गावच्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा आहे. आजीला, आजोबाला आज विचारून लिहून ठेवा. माणूस गेला की पुरावा गेला.

भात झोडून झालं, यादीचं आणि दाव्याचं काम हातावेगळं झालं, की आपण सगळे मिळून प्रकल्प कार्यालयावर जाऊ. तारीख पुढच्या अंकात आणि पाड्यावरच्या बैठकीत सांगू. येताना मोर्चाचं फडकं नसलं तरी चालेल. वही आणा.

जिंदाबाद!