अकरा महिन्यांचं काय घेऊन बसलात?

गेल्या महिन्यात घरमालक काकांचा व्हॉट्सॲप आला: "बेटा, पुढच्या महिन्यापासून नऊचे अकरा करू. जमत नसेल तर सांग, पार्टी तयार आहे." खाली हात जोडलेली इमोजी.

गारखेड्यातलं वन बीएचके. उन्हाळ्यात टँकरचे पैसे आम्हीच भरतो. वाढ २२ टक्के. माझा पगार यंदा ८ टक्क्यांनी वाढला, आणि मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. खालच्या मजल्यावरचे दादा वाळूजला कंत्राटावर आहेत, त्यांनाही हाच मेसेज. त्यांची मुलगी मागच्या गल्लीतल्या शाळेत दुसरीला जाते. दादा म्हणाले, "अकरा महिने भरले ना भाऊ, आता आपण काय बोलणार?"

माझा राग काकांपेक्षा या वाक्यावर जास्त आहे.

हे अकरा महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. मग देशभर सगळ्यांनी एक महिना कमी करून पळवाट काढली. पण महाराष्ट्रात ती पळवाट केव्हाच बुजली आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचा. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं.

आता तुमचा करार काढून बघा. स्टॅम्प पेपर, नोटरीचा लाल शिक्का. नोंदणी आहे?

आमचीही नव्हती. खर्चाचं म्हणाल तर ११ महिन्यांचं भाडं ९९ हजार. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे अडीचशे रुपये, डिपॉझिटपोटी आणखी चार-पाच रुपये, आणि शहरात नोंदणी फी १,०००. एका टँकरच्या आसपासची रक्कम. तेवढ्यासाठी कुणी कायदा मोडत नाही. भाड्याचं उत्पन्न कागदावर यायला नको असतं, आणि दर अकरा महिन्यांनी "पार्टी तयार आहे" म्हणायची सोय हवी असते.

काकांची बाजूही ऐकली. मराठवाड्यात २००० पर्यंत १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा होता. त्या काळात भाडेकरूंनी घरं कशी दाबून ठेवली, याचे किस्से ते चहासोबत सांगतात. असतील खरे. पण लीव्ह अँड लायसन्समध्ये कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरू नसतोच, परवानाधारक असतो. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भरपाई द्यावी लागते आणि सक्षम प्राधिकारी घर रिकामं करून देतो. जुन्या भाडेकरूला त्याच कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मर्यादा आहे, आपल्याला तीही नाही. इतकं सगळं मालकाच्या बाजूने असताना घाबरायचं मात्र आपण!

म्हणजे नुसती नोंदणी करूनही आपण वाचत नाही, हे मान्य. भांडायचं ते मुदतीसाठी. नोंदणी करायचीच आहे तर अकराच का? ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला तोच पाव टक्का लागतो. तीन वर्षांचा करार करा, दरवर्षीची वाढ आत्ताच लिहून टाका. २०२४ मध्ये टोयोटाने ऑरिकसाठी सामंजस्य करार केला, तेव्हापासून इथला प्रत्येक एजंट "रेट वाढणार" म्हणतो. वाढोत. पण वर्क ऑर्डर टोयोटाची आणि बिल दादांचं, हे कुठलं गणित?

कुणी म्हणेल, जमत नसेल तर लांब जा, सातारा परिसरात बघ. मी जाईन, माझं काम लॅपटॉपवर आहे. दादांनी मुलीची शाळा दर वर्षी बदलायची का?

मागच्या रविवारी आम्ही दोघं काकांकडे मसुदा घेऊन गेलो. ३६ महिने, वर्षाला ५ टक्के वाढ, दोन्हीकडून दोन महिन्यांची नोटीस, नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला, फोटो काढून पुण्याच्या मुलाला पाठवला, म्हणाले, "विचारून सांगतो."

अजून उत्तर आलेलं नाही. दादांचा करार ३१ तारखेला संपतोय.