विमा पगाराचा की कुटुंबाचा?

हिंगोलीस आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ गेल्या वर्षी नांदेडच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडले. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया होऊन सळई बसली, आणि चार महिने पाय टेकू नये असे डॉक्टरांनी बजावले. ते एका खाजगी संस्थेत कंत्राटी नोकर होते. संस्थेच्या सामूहिक आरोग्यविम्यात ते, त्यांची पत्नी, दोन मुले व मधुमेहाने पीडित आई अशी पाच माणसे होती. तिसऱ्या महिन्यात कंत्राटाची मुदत संपली. ती वाढविण्यात आली नाही. आणि त्याच दिवशी पाचही जणांचा विमा संपुष्टात आला. पाय एकाचा मोडला, आधार पाचांचा गेला!

कोणी म्हणेल, सारे कराराप्रमाणेच झाले, यात अन्याय तो कोणता? आमचे म्हणणे असे की, अन्याय त्या करारातच आहे. विमा काढावयाचा तो संकटासाठी. परंतु नोकरीस बांधलेला विमा संकटाने नोकरी गेली की तिच्याबरोबरच जातो. माणूस धडधाकट असेपर्यंत पाठीशी उभा राहणारा आणि तो अंथरुणास खिळताच पाठ फिरविणारा मित्र, यास आपण मित्र म्हणत नाही. मग अशा व्यवस्थेस विमा तरी का म्हणावे?

ही गोष्ट पूर्वीच्या विचारवंतांस ठाऊक नव्हती असे नाही. प्रा. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सरकारास सादर केला आणि १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. जायबंदी कामगारास उपचाराच्या काळात कामावरून दूर करण्यास त्या कायद्याने मनाई केली. परंतु २०१७ पासून योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरली, आणि तिच्याहून थोडे अधिक मिळविणारे आमचे शेजारी त्या छत्राबाहेर राहिले.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे ना, असा दुसरा आक्षेप येईल. आहे, आणि तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ती देते. मात्र उपचार यादीतले आणि रुग्णालयही यादीतले हवे. तथापि हा आक्षेप आमच्याच मताचा पुरावा होय. त्या योजनेचा आधार शिधापत्रिका आहे, पगारपत्रक नव्हे. म्हणूनच नोकरी सुटली तरी ती सुटत नाही. जे सरकारास साधते ते खाजगी संस्थांस का साधू नये?

व्यापारी वृत्तीबद्दल ज्या अमेरिकेस आपण नावे ठेवतो, तेथेही १९८६ च्या कायद्याने, २० वा अधिक नोकर असलेल्या ठिकाणची नोकरी सुटल्यास स्वतः हप्ता भरून साधारणपणे १८ महिने त्याच विम्यात राहण्याचा हक्क मिळाला. आपल्याकडेही सामूहिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची वाट आहे. पण ती वाट मोडक्या पायाने व रिकाम्या खिशाने चालावयाची, आणि ती आहे हे सांगणारा कोणी नसताना शोधावयाची! हळदीच्या या मुलुखात मुक्या मारावर हळद लावून भागते. मोडलेल्या संसारावर लावावयास कोणाच्या घरी काय आहे?

आमची मागणी मोठी नाही. दुखापत बरी होईपर्यंत, निदान एक वर्ष, नोकराच्या कुटुंबाचा विमा तोडता येऊ नये, आणि त्या काळाचा हप्ता नोकरी देणाऱ्याने सोसावा. खर्च वाढेल हे खरे. पण आज तोच खर्च आईच्या औषधांतून व मुलांच्या फीमधून वसूल होत आहे.

वाचकांपैकी पुष्कळ जण शिक्षणसंस्थांच्या आणि पतपेढ्यांच्या कार्यकारी मंडळांवर बसतात. आम्हीही बसलो आहोत, आणि असे करार न वाचता संमत करण्यात आमचाही हात वर झाला आहे. शेजाऱ्याच्या कुबड्यांचा आवाज रोज भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागला, तेव्हा कोठे आम्हांस त्या कागदांतील मजकूर आठवला. पुढील सभेत तरी तो वाचूनच हात वर करावा, इतकेच आमचे सांगणे आहे.