डिझेलचा दर, माप आणि दर्जा: सरकारचा पहारा कुठे आहे आणि शेतकऱ्याने काय तपासावं?



मृगाच्या आधी नांगरट, मग रोटाव्हेटर, पाऊस लागला की चिखलणी. या दिवसांत ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरच्या डिझेलवर खिसा रिकामा होतो. मी नवी मुंबईत तळवलीला राहतो. इथे भाताची खाचरं आता फारशी उरली नाहीत, पण शहापूर, मुरबाड, कर्जतकडच्या शेतकऱ्यांशी कामानिमित्त रोजचा संबंध आहे. खरिपाच्या तोंडावर त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, डिझेलमध्ये मधल्या मधे कोणीतरी खातंय. सरकार बघतं की नाही?"

सरकार बघतं. पण दर एक कार्यालय बघतं, माप दुसरं, दर्जा तिसरं. तक्रार चुकीच्या दारात गेली की ती तिथेच पडून राहते. म्हणून आधी नेमकं काय चुकलंय ते ओळखायला हवं.

पंपावरचा दर पंपवाला ठरवत नाही

पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. 16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी 6 वाजता नवा दर लागू करण्याची पद्धत आली. हा दर तेल कंपनी ठरवते. त्यात कच्च्या तेलाची किंमत, शुद्धीकरण, वाहतूक, केंद्राचं उत्पादन शुल्क, पंपचालकाचं कमिशन आणि राज्याचा व्हॅट असतो. पंपचालकाला आपल्या मनाने लिटरमागे दोन रुपये चढवता येत नाहीत. फलकावर एक दर आणि पावतीवर दुसरा दिसला, तर मात्र ती सरळ तक्रारीची बाब आहे.

दोन गावांत दोन दर म्हणजे फसवणूकच असं नाही

काही वर्षांपूर्वी शहापूरच्या एका शेतकऱ्याने विचारलं होतं, "तुमच्या नवी मुंबईत डिझेल महाग, आमच्याकडे स्वस्त. मधले पैसे कोणाचे?" ते पैसे कराचे होते. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्रात डिझेलवर 24 टक्के व्हॅट होता, उरलेल्या राज्यात 21 टक्के. जून 2024 च्या राज्य अर्थसंकल्पात हा फरक काढून या तीन शहरांतही 21 टक्के करण्यात आला. त्यामुळे इथलं डिझेल लिटरमागे सुमारे 2 रुपयांनी उतरलं. आता गावागावांतला फरक मुख्यतः डेपोपासूनच्या अंतराचा, म्हणजे वाहतुकीचा आहे. खासगी कंपन्यांच्या पंपांना वेगळा दर ठेवण्याची मुभा आहे, तोही गुन्हा नाही.

मग मोठ्या दरावर लक्ष कोणाचं?

खरा अवघड प्रश्न इथे आहे. देशातल्या दहापैकी जवळपास नऊ पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांचे आहेत. तिघींचे दर जवळजवळ सारखे असतात आणि एकदमच बदलतात. दर रोज बदलण्याची पद्धत असूनही एप्रिल 2022 नंतर कंपन्यांनी आपला दर जवळपास दोन वर्षं हलवला नाही. मधे पंपावरचा दर उतरला तो करकपातीमुळे: मे 2022 मध्ये केंद्राने डिझेलवरचं शुल्क 6 रुपयांनी आणि जुलै 2022 मध्ये राज्याने कर 3 रुपयांनी कमी केला. कंपन्यांनी स्वतः 2 रुपये कमी केले ते मार्च 2024 मध्ये.

या गोठलेल्या दराचे दोन्ही परिणाम झाले. कच्चं तेल भडकलेलं असताना एप्रिल ते जून 2022 या तिमाहीत तिन्ही कंपन्यांना मिळून 18 हजार कोटींहून अधिक तोटा झाला. पुढे तेल उतरलं, पण पंपावरचा दर तसाच राहिला आणि 2023-24 या वर्षात तिघींचा एकत्रित नफा सुमारे 81 हजार कोटी रुपये झाला. महागाईच्या काळात शेतकऱ्याला झळ कमी बसली हे खरं. स्वस्ताईचा फायदा त्याच्यापर्यंत उशिरा आणि थोडा पोहोचला, हेही तितकंच खरं.

याला संगनमत म्हणायचं का? स्पर्धा कायदा 2002 नुसार कंपन्यांनी आपसात ठरवून दर लावणं बेकायदा आहे आणि चौकशीचा अधिकार भारतीय स्पर्धा आयोगाला आहे. पण नुसता सारखा दर हा पुरावा होत नाही, आपसात ठरवल्याचं दाखवावं लागतं. शिवाय या तिन्ही कंपन्यांचा मोठा मालक सरकारच आहे. 2006 च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ नेमलं. अधिसूचित इंधनांच्या दरांवर लक्ष ठेवण्याचं काम कायद्यात त्याच्याकडे आहे, पण हे मंडळ दर ठरवत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष दराची फोड प्रसिद्ध करतो. म्हणजे माहिती मिळते, पण "तेल उतरलं, मग आमचा दर का उतरला नाही?" याचं उत्तर देण्याची सक्ती कोणावर दिसत नाही.

इतर देशांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात 2001 पासून पंपांना उद्याचा दर आदल्या दिवशी सरकारला कळवावा लागतो आणि तो 24 तास बदलता येत नाही. जर्मनीत 2013 पासून पंपांना दरातला प्रत्येक बदल स्पर्धा नियामकाकडे लगेच नोंदवावा लागतो. त्यामुळे दर स्वस्त होतीलच असं नाही, पण खेळ झाला तर नोंद सापडते. आपल्याकडेही शेतकरी संघटनांनी "दर कमी करा" एवढ्यावर न थांबता "दराचं कारण दर महिन्याला जाहीर करा" अशी मागणी करायला हवी.

लिटरमधली चोरी

दर अचूक असला तरी लिटर अचूक असेलच असं नाही. एप्रिल 2017 मध्ये लखनौत पंपांच्या यंत्रात बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चिप सापडल्या. त्यानंतर त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत पंपांवर छापे घातले. फेरफार होता तो पल्सरमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक कार्डांत. किती तेल गेलं ते मोजून पडद्यावर आकडा पाठवणारा भाग म्हणजे पल्सर. पडद्यावर दर बरोबर, लिटर बरोबर, पैसे बरोबर, कमी फक्त डिझेल.

मापाचं काम वैधमापन शास्त्र यंत्रणेचं आहे. पंपाच्या यंत्राची वर्षातून एकदा पडताळणी होऊन सील लागतं. पण चिप चालू-बंद करता येत असेल, तर ठरवून केलेल्या तपासणीत ती सापडणं कठीण. म्हणून अचानक होणारी तपासणी महत्त्वाची, आणि ती बहुतेक वेळा ग्राहकाच्या तक्रारीवरून होते.

हिशेब करून बघा. हंगामात 200 लिटर डिझेल लागतं आणि सोयीसाठी दर 90 रुपये धरला, तर:

- दोन पंपांच्या दरात 30 पैशांचा फरक असेल, तर हंगामात 60 रुपये जातात.
- माप 5 टक्के कमी असेल, तर 10 लिटर, म्हणजे 900 रुपये जातात.

आपण 30 पैशांसाठी पंप बदलतो आणि माप मात्र कधीच तपासत नाही.

भेसळ आणि तिची किंमत

25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडी इथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे इंधन भेसळीचा प्रकार पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. या धंद्यात किती पैसा आणि किती दहशत होती, ते त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिलं.

भेसळ रोखण्यासाठी जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली 2005 चा पेट्रोल-डिझेल पुरवठा व गैरप्रकार प्रतिबंध आदेश आहे. त्यानुसार महसूल आणि पुरवठा विभागाचे अधिकृत अधिकारी पंपावरून नमुने घेऊ शकतात. ग्रामीण भागात तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा आणि मुंबई-ठाणे पट्ट्यात शिधावाटप कार्यालय हे तुमचं दार.

रस्त्याकडेला टाकीतून "बायोडिझेल" म्हणून विकलं जाणारं स्वस्त तेल घेऊ नका. त्यात काय आहे याची खात्री कोणीच देत नाही. इंजेक्टर आणि पंप खराब झाला, तर ऐन चिखलणीत यंत्र उभं राहतं आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट दुरुस्तीला जातात.

टंचाईची अफवा

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालक संपात उतरले आणि राज्यात पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी रात्री संप मिटला. अशा वेळी पंपाचा दर वाढत नाही, वाढतो तो बाहेर सुट्या कॅनमध्ये विकणाऱ्याचा. हंगामात चार-पाच दिवसांच्या कामापुरतं डिझेल हाताशी असलं, तर अफवेच्या दिवशी दुप्पट दराने घ्यावं लागत नाही. ते घरापासून, गुरांच्या गोठ्यापासून आणि चुलीपासून लांब ठेवा. त्याहून मोठा साठा करू नका.

तुम्ही काय कराल?

1. प्रत्येक वेळी पावती घ्या. त्यावर पंपाचं नाव, नोजल क्रमांक, वेळ, लिटर आणि दर आहे का ते बघा.
2. प्लास्टिकच्या कॅनवरून माप ठरवू नका. 20 लिटरच्या कॅनमध्ये वर मोकळी जागा असते, त्यामुळे 21-22 लिटरही बसतात. अशा तक्रारी तपासणीत टिकत नाहीत.
3. शंका आली, तर पंपावरचं सील असलेलं 5 लिटरचं माप मागा. ते आधी डिझेलने ओलं करून रिकामं करायला सांगा आणि मग भरा. 5 लिटरला 25 मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करा.
4. दर्जाची शंका असेल, तर घनता मोजून दाखवायला सांगा. पंपाच्या नोंदीतल्या घनतेपेक्षा 3 एककांहून जास्त फरक असेल, तर ते डिझेल घेऊ नका.
5. एकरी किती डिझेल लागलं ते वहीत लिहा. खप अचानक वाढला, तर पंपावर जाण्याआधी एअर फिल्टर, रोटाव्हेटरची झिजलेली पाती आणि जमिनीतली ओल तपासा. बऱ्याचदा दोष तिथेच निघतो.
6. माप कमी असेल तर वैधमापन शास्त्र कार्यालय, भेसळ असेल तर पुरवठा शाखा, दर किंवा पावतीचा घोळ असेल तर पंपावर लिहिलेल्या क्रमांकावर तेल कंपनीचा विक्री अधिकारी. कोणीच दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

कृषी सहायक आणि गटप्रमुखांना एक विनंती. खरिपाच्या बैठकीत बियाणं आणि खतांच्या पावत्यांबद्दल आपण सांगतोच, त्यात डिझेलच्या पावतीचीही पाच मिनिटं घाला. एकट्याची तक्रार बाजूला पडू शकते, पण एकाच पंपाच्या, एकाच नोजलच्या दहा जणांच्या पावत्या एका अर्जाला जोडल्या, तर अधिकाऱ्याला पंपावर यावंच लागतं.