रूळ घालणारे हात

१० मे १८६९ रोजी अमेरिकेच्या युटामधील प्रॉमन्टरी इथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जोडले गेले. त्या सोहळ्याचे गाजलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. सिएरा नेवाडा पर्वतरांगेचा ग्रॅनाइट ज्यांनी फोडला, ते चिनी मजूर त्यात जवळजवळ दिसतच नाहीत.

पश्चिमेकडून मार्ग बांधणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या मजुरांत सुमारे ९० टक्के चिनी होते. डोंगरमाथ्यावरच्या बोगद्यात हातोड्याने भोके पाडायची, दारू ठासायची, सुरुंग उडवायचा. दिवसभराचे काम इंचांत मोजले जाई. हिमकडे कोसळून माणसे गाडली गेली. किती, याचा हिशेब कंपनीने ठेवला नाही. पगार गोऱ्यांहून कमी, वर जेवणही पदरचे. जून १८६७मध्ये हजारो चिनी मजुरांनी काम थांबवून समान वेतन मागितले. कंपनीचे बांधकाम सांभाळणाऱ्या चार्ल्स क्रॉकरने त्यांची रसदच तोडली आणि आठवड्याभरात संप मोडला. या मजुरांना आजही मुकाट, आज्ञाधारक म्हणणाऱ्यांनी या संपाबद्दल जरूर वाचावे.

मार्ग पूर्ण झाल्यावर तेराच वर्षांनी, १८८२मध्ये, अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दारे बंद केली. ही उघड कृतघ्नता होती, आणि ती १९४३पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिली.