परिषदेला येणारा प्रतिनिधी काय मागतो?

वाचकहो, डॉक्टरांच्या, अभियंत्यांच्या, प्राध्यापकांच्या परिषदा वर्षभर भरत असतात आणि आपल्या घरांतील शिकलेली मुलेमुलीही आज त्यांना प्रतिनिधी म्हणून जातात. रजा खर्ची घालून, शुल्क भरून, रात्रीचा प्रवास करून हा प्रतिनिधी सभागृहात येऊन बसतो. त्याच्या पदरी काय पडते? पहिला तास हारतुऱ्यांत जातो, दुसरा पाहुण्यांच्या परिचयात. मग वक्ते निबंध वाचून दाखवितात, जो त्याला घरी बसूनही वाचता आला असता! शंका विचारावयाची वेळ आली की अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात.

मोठे नाव आणले, भोजन उत्तम दिले की परिषद यशस्वी झाली, असे चालकांना वाटते. हा समज किती पोकळ आहे हे हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांच्या अनुभवावरून दिसेल. १९८३ साली त्यांनी अडीचशे जणांची परिषद भरविली. तयारीत वर्ष गेले. शेवटी एकमत झाले ते हे, की सर्वांत उपयुक्त ठरली ती कॉफीची सुटी! ओवेन यांनी राग मानला नाही. १९८५ साली कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे त्यांनी भाषणांची यादीच केली नाही. प्रतिनिधी वर्तुळाकार बसले. ज्याला जो विषय छळीत होता तो त्याने मांडला, आणि त्याच विषयाने पछाडलेले इतर त्याच्याभोवती जमले. जेथे आपण काही शिकत नाही व काही देतही नाही, तेथून खुशाल उठून जावे, असा या पद्धतीचा नियम आहे.

शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीच उमगले होते. नील गॉर्डन यांनी १९३१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सुरू केलेल्या परिषदांत दुपार गप्पांसाठी मोकळी ठेवितात, आणि तेथे बोललेले छापीत नाहीत. त्यामुळे अर्धवट राहिलेले, फसलेले काम सांगावयास कोणी कचरत नाही.

परंतु नुसती सुटी लांबविल्याने भागत नाही. सुटीत जुने ओळखीचे लोक आपापला घोळका करतात. घराण्यात पहिल्यानेच या व्यवसायात आलेला तरुण मात्र हातात कप घेऊन भिंतीशी उभा राहतो. त्याला सर्वांत अधिक गरज असते ती ओळखीची, आणि तीच त्याला मिळत नाही! आपल्यापैकी कोणी परिषदेचा चालक झाला, तर त्याने अशा प्रत्येक नवख्यासाठी एक जाणता सोबती आधीच नेमून ठेवावा. विषयपत्रिका छापण्यापूर्वी येणाऱ्यांना त्यांच्या अडचणी विचाराव्यात; आणि अभिप्राय दारातच न घेता तीन महिन्यांनी पत्र पाठवून पुसावे की, येथे ऐकलेले कामात कोठे वापरले, आणि येथे भेटलेल्यांपैकी कोणाशी पुन्हा बोलणे झाले?